सोळा खिशांचं जाकीट

“माणसानं दिसायचं तर नीट दिसावं, नाही तर दिसूच नये. हे असं मधूनमधून दिसणं काही बरं नव्हे,” रेखश्टाइनरबाई खिडकीशी बसून कुरकुरत होत्या. त्यांचं बोलणं कुणालाच उद्देशून नसतं. वृद्धाश्रमात आईच्या खोलीतल्या या दुसऱ्या बाई सकाळी दहा ते बारा खिडकीबाहेरच्या जगाला सूचना देतात आणि जेवून झोपतात. आजच्या सूचना अंगणातल्या बीच जातीच्या झाडावर चढलेल्या माणसाला होत्या. तो सकाळपासून वाळक्या फांद्या कापत होता, आणि बाईंचं म्हणणं असं, की तो आत्ता असतो, आत्ता नसतो, करवतीचा आवाज तेवढा चालू राहतो, त्यानं आपल्याला गरगरतं. मी आईसाठी सफरचंद सोलत होते. बाईंचं समाधान व्हावं म्हणून हातातली सुरी तशीच घेऊन उठले. झाड ऑक्टोबरात असतं तसं होतं, तांबडं, गंजलेलं, मध्येच कुठे हिरवं राहून गेलेलं, आणि तळ्याकडून चढून आलेल्या धुक्यानं त्याचा शेंडा पुसून टाकलेला. माणूस काही दिसेना. मग पानांचाच एक तुकडा बाकीच्या पानांपासून सुटून बाजूला सरकला. त्याला खांदा होता. खांद्यावर, शिवणीच्या जरा पुढे, एक तांबडा डाग होता, कोल्हा बसावा तसा, शेपूट बाहीवर सोडलेला. सुरी अंगठ्यात गेल्याचं मला बाईंनी सांगितल्यावर कळलं.

अंगठा तोंडात धरून मी आईकडे पाहिलं. ती आपल्या खुर्चीत बसून बाहेरच बघत होती. एकोणनव्वदाव्या वर्षी तिला जवळचं काही दिसत नाही, पण मोतीबिंदू काढल्यापासून लांबचं घारीसारखं दिसतं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. सफरचंद राहिलं का, एवढंच तिनं विचारलं. मी उरलेल्या फोडी करून बशी तिच्यापुढे ठेवली.

ते कापड आमच्या देशात ओळखीचं आहे. लष्करानं एकेकाळी प्रत्येक घरात ते पाठवलं होतं, कारण इथे प्रत्येक घरात एक तरी शिपाई असतो, आणि त्याचं सामान त्याच्याबरोबर घरीच राहतं. हिरवं, काळं, तपकिरी आणि त्यात ते तांबडे डाग. शिपाई त्याला चार फळांचा पायजमा म्हणायचे, बाजारात मिळणाऱ्या चार फळांच्या मुरंब्यावरून. आमच्या घरातलं जाकीट बाबांचं, डाव्या खांद्यावर तोच कोल्हा. बाबा युद्धावर कधी गेले नाहीत, युद्धही आमच्याकडे आलं नाही, त्यामुळे ते जाकीट जन्मभर अळंबी गोळा करायला गेलं. त्याला सोळा खिसे. उजव्या कुशीत पाण्याच्या बाटलीचा, बाहीवर मलमपट्टीचा, छातीवरचे दोन झाकणाचे, आणि पाठीवर शिवून टाकलेली एक अख्खी पिशवी, की जिच्यात वाळका पाला कोंबला तर दगडावर बसताना पाठ गार पडत नाही. बटणं मोठी, हातमोजा न काढता लागावीत अशी, आणि वरून झाकलेली, फांदीला अडकू नयेत म्हणून. बाबा आम्हा दोघा भावंडांचे डोळे रुमालानं बांधायचे आणि विचारायचे, डावीकडचा तिसरा? गालुस पटकन सांगायचा: दोरी. मी चुकायचे, मग बाबा म्हणायचे, इडा रानात हरवली तर उपाशी मरेल, गालुस मात्र तीन दिवस घरच्यासारखा राहील. ज्यानं हे जाकीट शिवलं त्यानं माणसाच्या परत येण्याचा विचार करून शिवलंय, हेही ते म्हणायचे. बाबा गेल्यावर ते गालुसकडे गेलं, न विचारता, जसा बाबांचा कपाळावरचा भोवरा त्याच्याकडे गेला होता.

त्या माणसाकडे जायला जिना उतरताना मी स्वतःला समजावत होते. मी भरतकामाच्या गिरणीत सदतीस वर्षं काढली आहेत. मशीन जिथे टाका चुकवतं तिथे तो हातानं भरायचा, नक्षी मोडली होती हे कुणाला कळू द्यायचं नाही, हे माझं काम. कुठल्याही शाळेत हे शिकवत नाहीत. शेजारच्या बाईच्या बोटांकडे बघून शिकायचं. तेव्हा नक्षी म्हणजे काय हे मला कळतं. छापील नक्षी ठरावीक अंतरानं परत येते. कापणारा एकावर एक थर रचून कापतो. म्हणजे कोल्हा खांद्यावर बसलेली आणखीही जाकिटं या देशात असणार, चाळीस असतील, चारशे असतील. त्यातलं एक या झाडावर चढलं तर त्यात काय एवढं. माझे पाय मात्र हे ऐकत नव्हते. ते पायऱ्या मोजूनमापून उतरत होते, कुणाच्या तरी घरी वाईट बातमी घेऊन जावं तसे. छापात फक्त एक गोष्ट परत येत नसते, ती म्हणजे माझ्या हातचा टाका. एका साली वसंतात जाकीट काटेरी तारेला लागून डाव्या कोपरावर वीतभर फाटलं होतं, आणि ते मी भरून दिलं होतं. आतल्या दुमडीतून एकेक सूत ओढून काढलं, हिरव्यात हिरवं, तांबड्यात तांबडं, आणि डागाच्या कडा जशा होत्या तशा पुढे नेल्या. गालुसनं बाही उजेडासमोर धरली आणि म्हणाला, “कुठे होतं गं?” मी हसले. ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम असेल. ते माझ्याशिवाय कुणालाही दिसणार नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी, ऑक्टोबरातल्या एका सोमवारी, गालुस घरातून गेला तो आला नाही. तेहेतीस वर्षांचा होता. मंगळवारी सकाळी आईनं मला गिरणीत फोन केला. ती खालच्या मजल्यावर राहायची, गालुस आणि माझी वहिनी मार्लिस वरच्या. मी पोचले तेव्हा पोलीस स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता आणि पुढ्यातल्या कॉफीला हात लावत नव्हता. त्यानं आधी विचारलं ते आमच्याकडे अशा वेळी सगळेच विचारतात: रायफल घरात आहे का? मार्लिसनं कपाट उघडलं. होती. आम्ही चौघांनीही, पोलिसासकट, श्वास सोडला. लष्कराची रायफल कपाटात असली की तो माणूस परत येणार, असं आम्ही धरून चालतो. ज्याला परत यायचं नाही तो ती घेऊन जातो. किती सोपं करून ठेवलंय आम्ही. मग पोलिसानं विचारलं, अंगावर काय होतं? मार्लिस दाराकडे बघायला लागली, आणि आई म्हणाली, लष्कराचं जाकीट, अळंबीला गेला असणार, खुंटी रिकामी आहे बघा. खुंटी रिकामी होती. पोलिसानं लिहून घेतलं.

त्या एका ओळीनं पुढचं सगळं ठरलं. अळंबीला गेला म्हणून गाइस गावामागची रानं शोधली, कुत्री आणली, एक हेलिकॉप्टर दोन वेळा फिरलं. शोधणाऱ्यांचा म्होरक्या आईला म्हणाला, बाई, या दिवसांत, या जाकिटात, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, ते त्यासाठीच केलेलं असतं. आईनं मान डोलावली, जणू हे जाकिटाचं कौतुकच होतं. बुधवारी आणखी एक गोष्ट झाली. वर कड्यांकडे, रानापासून तीन तासांच्या वाटेवर, दोघा वाटसरूंनी एक माणूस पाहिला होता. निळा स्वेटर, बरोबर काही सामान नाही, काठाशी नुसता बसलेला. त्यांनी हाक मारली तर त्यानं हात हलवला. सोमवारी तिथे, मंगळवारी पुन्हा तिथेच. पोलिसानं विचारलं, निळा स्वेटर होता का त्याच्याकडे? आई म्हणाली, तो नव्हे, आमच्याच्या अंगावर जाकीट आहे. मी तिथेच उभी होते. निळा स्वेटर काय, कुणाकडेही असतो, असं मी मनात म्हटलं आणि गप्प राहिले. त्याच्या आदल्याच आठवड्यात गालुसनं माझी शिवणाची कात्री परत आणून दिली होती, तीन वर्षांपूर्वी नेलेली, धार लावून, कागदात गुंडाळून. तेही मी कुणाला सांगितलं नाही. कात्री परत केली हे काय पोलिसाला सांगायचं?

आणि मग एकोणतीस वर्षं. दर साली पहिला बर्फ पडला की आई खिडकीशी उभी राहून म्हणणार, जाकीट होतं ना त्याच्या अंगावर. प्रश्न नाही, भिंतीला हात लावून बघावा तसं. आणि आम्ही म्हणणार, होतं हो. सोळा खिसे, पाठीला पाला, बाटली, दोरी. माझ्या डोळ्यांसमोर तो कधी मेलेला आलाच नाही. कुठल्या तरी झाडाखाली बसलेला असायचा, टोपी ओढून, पानांत पान झालेला, आणि शोधणारे त्याच्यापासून दोन हातांवरून पुढे जायचे. कधीकधी गिरणीतून घरी येताना बागेतल्या झुडपांकडे मी जरा जास्त वेळ बघायचे. झुडूपही माझ्याकडे बघायचं. याची सवय होते.

झाडावरचा माणूस खाली उतरून बाकावर न्याहारी करत होता. सॉसेजला मोहरीची चटणी लावून खात होता, म्हणजे आमच्या गावचा नव्हे; सांक्ट गालेनमध्ये हे कुणी केलं तर शेजारी बोलायचे थांबतात. मी तेवढ्यावरूनच बोलायला सुरुवात केली, आणि तो हसून म्हणाला, काकू, बासेलच्या माणसाला एवढं माफ करा. रेमो नाव. नगरपालिकेचा नारिंगी अंगरखा फांद्यांत अडकतो म्हणून त्यानं काढून ठेवला होता, आणि त्यावरून मुकादमाची बोलणीही खाल्ली होती. जाकीट स्टेशनमागच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून उन्हाळ्यात घेतलं, असं त्यानं आपणहून सांगितलं. काय डोकं असेल बघा शिवणाऱ्याचं, म्हणाला, पाठीच्या पिशवीत माझा अख्खा दोर मावतो, आणि चौदा खिसे आहेत, मोजलेत मी. सोळा, मी म्हटलं. त्यानं खाणं थांबवलं. मी म्हटलं, हात वर कर, आणि त्यानं केला, माझ्यासारख्या बाईनं सांगितलं की लोक करतात. मी त्याच्या काखेखाली अस्तरात बोटं घातली. आत ऊब होती. तिशीतल्या, दमलेल्या, जिवंत माणसाची ऊब, आणि बाबांचं हे गार कापड तिच्यावरून फिरलेलं. पंधरावा. मग मागच्या काठाशी, होकायंत्राचा. सोळावा. दोन्ही रिकामे. मग मी त्याचा डावा कोपर हातात घेतला, काही न विचारता, आणि झाडाच्या बाजूनं उजेडाकडे वळवला. कुठे होतं गं? हिरव्यातलं एक सूत जरासं घट्ट ओढलं गेलं होतं. तेव्हाही ते मला खटकलं होतं, आणि मी ते तसंच सोडलं होतं. ते तसंच होतं.

काकू, बाही सोडता का, कामाला लागायचंय, रेमो म्हणाला. मी सोडली. तो पुन्हा झाडावर चढला, आणि चौथ्या फांदीशी गेल्यावर मला दिसेनासा झाला. मी ओळखीच्या बाहीला डोळ्यांनी धरून ठेवायचा प्रयत्न करत होते, आणि पानांनी ती माझ्या डोळ्यांतून अलगद काढून घेतली. हरवणं इतकं हळू असतं हे मी प्रथमच पाहिलं.

मार्लिसला फोन लावला. ती आता हेरिसाऊला दोन खोल्यांच्या घरात राहते; आमचं घर तिनं वसंतात सोडलं. मी म्हटलं, गालुसचं जाकीट इथे झाडावर आहे. तिनं विचारलं, “कुठल्या झाडावर?” घाबरून नव्हे, जणू याचीच वाट बघत होती आणि आता पत्ता तेवढा हवा होता. मग ती सांगत गेली, आणि मी आश्रमाच्या भिंतीला टेकून ऐकत राहिले. जाकीट तिला त्याच डिसेंबरात माळ्यावर सापडलं होतं, नाताळच्या सामानाच्या पेटीत, चांदण्यांच्या खाली. आधी महिनाभर तिला वाटत होतं, की तोच येऊन ठेवून गेला. रात्री दाराला कडी लावायची नाही ती. नंतर वाटलं, तू ठेवलंस. मी? मी म्हटलं. हो, तू, म्हणाली, मला वाटलं तुला माहीत आहे आणि आईसाठी तू बोलत नाहीस, म्हणून मीही बोलले नाही. आणि खरं सांगू, सोमवारी संध्याकाळी कामावरून आले तेव्हा मी ते खुंटीवर पाहिलं होतं, मंगळवारी खुंटी रिकामी. मग मी मनाला सांगितलं, रोज बघून बघून डोळ्यांना सवय झाली असेल, नसलेलंही दिसलं असेल. एकोणतीस वर्षं ती ते तिथेच ठेवून त्याच्याखाली झोपली. घर सोडताना कचऱ्यात टाकवेना, म्हणून दुकानात दिलं. वाटलं, कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे, चालू-फिरू दे.

शेवटी मी विचारलं, पेटीत कसं होतं? कसं म्हणजे? घडी कशी होती? ती म्हणाली, बाह्या आत दुमडून, छातीवर, झोपलेल्या माणसाचे हात ठेवतात तशा. खिशातलं सगळं काढून शेजारी मांडलेलं, अळंबीची सुरी, दोरी, बाटली. अशी घडी आमच्या घरात एकच माणूस घालतो.

वर जाताना मी काय ठरवत होते ते सांगते, कारण मी ते खरंच ठरवलं होतं. ठरवलं, की खिडकीचा पडदा ओढायचा. बाईंना गरगरतं हे कारण चांगलं होतं. आई एकोणनव्वद वर्षांची आहे. तिच्याजवळ एकच ऊबदार गोष्ट आहे, त्याच्या अंगावर जाकीट होतं ही, आणि ती तिनं स्वतःच शिवलेली आहे, हे मला आता कळलं एवढंच. तिला ती किती माहीत आहे, किती विसरली आहे, कोण जाणे. माणसाला स्वतःच भरलेला टाका पुढे शोधूनही सापडत नाही, हे मी गिरणीत बघितलं आहे. या हिवाळ्यात पहिला बर्फ पडेल, ती म्हणेल जाकीट होतं ना, आणि मी म्हणेन होतं हो. मला एवढंच करायचं होतं. निळ्या स्वेटरातला माणूस दोन दिवस एका जागी बसला होता, कुणी यावं म्हणून बसला होता की काय, हा विचार मी जिन्याच्या वळणावर थांबून मागे ढकलला. तो हलला नाही.

खोलीत रेखश्टाइनरबाई जेवायच्या आधीच झोपून गेल्या होत्या. आईनं सफरचंदाला हात लावला नव्हता. फोडी काळ्या पडल्या होत्या. मी पडद्याची दोरी धरली. असू दे, आई म्हणाली. मग म्हणाली, इथे बस. मी बसले. बाहेर करवत थांबली होती आणि झाडात माणूस आहे की नाही हे कळत नव्हतं. तिनं माझा कापलेला अंगठा आपल्या हातात घेतला, तपासावा तसा, आणि बाहेरच बघत राहिली.

“वरच्या फांदीवर आहे,” ती म्हणाली. “मला सकाळपासून दिसतोय. कोल्हा डाव्या खांद्यावर.”

मी म्हटलं, अशी पुष्कळ जाकिटं असतात आई. लष्करानं हजारोंनी शिवली.

“मला शिकवू नकोस.” तिचा आवाज नेहमीचाच होता, बाजारातून काय आणायचं ते सांगण्याचा. “मंगळवारी पहाटे मी वर गेले तर ते खुंटीवर होतं. खिसे भरलेले. काही म्हणजे काही नेलं नव्हतं त्यानं. मला तिथे उभ्याउभ्या कळलं. म्हटलं, लोक येतील, ते बघतील, त्यांनाही कळेल. म्हणून उचललं आणि माळ्यावर नेलं. नंतर ते स्वेटरचं विचारायला आले. स्वेटर मीच विणला होता.”

आई, नको, मी म्हटलं.

“गालुस जीव द्यायला गेला होता, इडा. आणि मी त्याला सापडू दिलं नाही.”